बादलीखालची कोरडी माती

१

माणूस मेल्याचे पेढे कुणी वाटत नाही. फौजदार श्याम कुदळेने वाटले. १९७८ सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तो आकुर्डीला, आपल्या जुन्या शिक्षिकेच्या दारात, पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहिला.

"बाई, माझा पहिला खून उलगडला. आणि खरं सांगू का? तुमच्यामुळे उलगडला."

अरुंधती लेले तेवीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवत होत्या. जीभ तिखट, चष्मा जाड, आणि एखादा विद्यार्थी मोठा झाल्यावर आठवण ठेवून आला की आतून लोण्यासारख्या विरघळायच्या. पण तसं कुणाला दिसू द्यायच्या नाहीत.

"माझ्यामुळे चार पोरं दहावीला पास झाली, एवढंच मला ठाऊक आहे. बस. काय झालं सांग."

श्यामने सांगितलं. चऱ्होलीच्या पुढे टेकडीच्या कुशीत खांडेवाडी म्हणून वस्ती. गुरुवारी तिथल्या बबनरावांच्या मुलीची हळद होती. शुक्रवारी सकाळी लग्न लागलं आणि दुपारी टेकडीच्या उतारावर दौलतराव नावाच्या शेतकऱ्याचं प्रेत सापडलं. उताणं पडलेलं, कपाळ फुटलेलं, शेजारी त्याचंच फावडं. गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहा वळवाचा जोरदार पाऊस झाला होता.

"प्रश्न एकच होता, बाई. पावसाआधी की पावसानंतर? डॉक्टर म्हणाले, एवढ्या उन्हाळ्यात त्याहून नेमकं सांगता येत नाही. मग मला तुमची बादली आठवली."

"कसली बादली?"

"सातवीत तुम्ही शाळेच्या अंगणात बादली उपडी ठेवली होती. पाऊस पडून गेल्यावर उचललीत. सगळं अंगण ओलं आणि बादलीखाली माती कोरडी ठणठणीत. तुम्ही म्हणालात, वस्तूखाली कोरडं असेल तर ती पावसाआधीपासून तिथे आहे. मी प्रेत उचललं. खाली माती पिठासारखी कोरडी! म्हणजे खून पाचच्या आधी. आणि चारच्या सुमारास दौलतरावाशी टेकडीखाली कोण भांडत होतं? चिमाजी. परभणीकडचा, चाकण रस्त्यावरच्या एका कंपनीत राखणदार. दौलतरावाच्या बांधावर त्याची झोपडी होती, ती हलव म्हणून वाद. साडेचारला तो ट्रकमध्ये बसून कामावर गेला. पाच वाजल्यापासून सकाळपर्यंत फाटकावर होता, त्याला दोनशे साक्षीदार. पण भांडणानंतरच्या त्या अर्ध्या तासाचा साक्षीदार एकही नाही."

बाईंना आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. तेवीस वर्षं भिंतीशी बोलल्यासारखं वाटत आलेलं, आणि एका भिंतीने ऐकलं होतं. त्यांनी पेढा उचलला.

"पण उतारावर गवत असेल ना? त्यातून माती कशी दिसली तुला?"

"कसलं गवत, बाई. आठ दिवसांपूर्वीच वणवा लागून सगळी टेकडी काळीठिक्कर झालीय. चतुराबाई नावाची म्हातारी सरपणाला गेली होती, ती त्यात गेली."

पेढा बाईंच्या हातातच राहिला. शाळेमागे शिपाई पालापाचोळा जाळायचा, त्या जागी त्यांनी एकदा झेंडू लावला होता. रोज पाणी घालूनही रोपं वाळली. शिपाई कामचुकार म्हणून त्याला फाडून खाल्लं, आणि मग एक दिवस खुरप्याने उकरून पाहिलं होतं.

"श्याम, चिमाजीने कबूल केलंय का?"

"काल केलं."

"कसं केलं?"

श्याम पुड्याचा दोरा परत बांधायला लागला. "बाई, ते आमचं काम असतं. उद्या सकाळी त्याला कोर्टात उभा करतोय."

"आधी मला टेकडीवर घेऊन चल," बाई म्हणाल्या. त्यांनी पेढा पुड्यात परत ठेवला होता.

२

वाटेत चौकी लागली. पायरीवर एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं मूल. जीप पाहताच ती धडपडत उठली. चिमाजीची बायको, मंजुळाबाई.

"सायेब, मालकाला भाकर तरी देऊ द्या. त्यायचा उजवा हात उचलंना गेलाय. म्या खिडकीतून पाह्यलं."

अरुंधतीबाई जीपमधून उतरल्या आणि सरळ आत गेल्या. गजांपलीकडे चिमाजी भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताची बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती.

"चिमाजी, दौलतरावांना तुम्ही मारलंत?"

त्याने आधी श्यामकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मारलं म्हणून अंगठा दिलाय, बाई. आता पुन्हा इचारू नका. माझा दुसरा हात ऱ्हाऊ द्या."

अंगणातली बादली कुठून कुठे पोचली होती. त्या बाहेर आल्या आणि मंजुळाबाईकडे न बघता जीपमध्ये बसल्या. तिच्या नजरेला नजर देणं त्यांना जमलं नाही.

३

खांडेवाडीची टेकडी लांबूनच ओळखू येत होती. हिरवं काही नव्हतं आणि काळंही अर्धंच उरलं होतं, कारण पावसाने वरची राख धुऊन खाली आणली होती. पायथ्याशी दौलतरावाची विहीर. तिच्याभोवती राखेचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या आणि विहिरीचं पाणी शाईसारखं काळं झालं होतं.

"इथे पडला होता." वर उतारावर चढून श्यामने दगडांनी आखलेली जागा दाखवली.

बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. तिथून वीस पावलं बाजूला जाऊन त्या खाली बसल्या. पिशवीतून पाण्याचा तांब्या काढला आणि मातीवर हळूच धार धरली.

पाणी मुरलंच नाही. अळवाच्या पानावर असतं तसे टपोरे थेंब झाले, घरंगळले, अंगाला धूळ माखून घेऊन उतारावरून खाली पळाले. बाईंनी त्या जागी बोट खुपसलं. बोट पिठासारखं कोरडं बाहेर आलं.

"आता तू कर. दुसरीकडे. कुठेही."

श्यामने पाच ठिकाणी केलं. पाचही ठिकाणी तेच. सहाव्या वेळी त्याने तांब्या खाली ठेवला आणि टोपी काढली.

"बाई, हे काय आहे?"

"गवतात, घाणेरीच्या पानांत मेणासारखा अंश असतो. वणवा सावकाश पेटत गेला की त्याची वाफ होते. थोडी वर जाते, थोडी मातीत उतरते. खाली माती गार असते, तिथे ती कणाकणाला चिकटून बसते. सगळ्या टेकडीला आतून मेण लागतं म्हण ना. वर राख आहे तोवर ती पाणी धरते. राख वाहून गेली की पाणी नुसतं घसरत खाली येतं." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो खाली आणला. "गुरुवारी तासभर पाऊस झाला, श्याम. ही टेकडी भिजलीच नाही. प्रेताखाली कोरडं होतं, खरंय. प्रेत नव्हतं तिथेही कोरडंच होतं. तू फक्त एकाच जागी उकरलंस."

श्यामने खाली विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण बाई, यावरून खून नंतर झाला असं कुठे ठरतं? आधीही झाला असेल. चिमाजी सुटत नाही."

पोरगा हुशार होता, हे बाईंना त्या वेळीही जाणवलं. म्हणून जास्त राग आला.

"नाही ठरत. म्हणून मला दौलतरावांचे कपडे बघायचेत. पण आधी खाली हळदीच्या घरी जाऊ."

४

बबनरावांच्या दारात मांडव अजून तसाच होता. बबनराव पन्नाशीचे, भारदस्त, डोळे तांबारलेले. लेक सासरी गेलेल्या बापाचे असतात तसे, असं कुणीही म्हटलं असतं.

"या बाई, बसा. घरात कार्य झालंय, त्वांड ग्वाड करा." त्यांनी लाडू पुढे केले. "दौलतराव माजा ल्हानपणापास्नंचा दोस्त. हळदीला दुपारी आल्ता. पोरींनी त्येच्या पाठीला, पायाला हळद फासली, त्यो हसला बी न्हाई. चतुराबाई वणव्यात गेली तवापास्नं हसायचाच बंद झाल्ता. घास गिळंना त्येला."

"वणवा कुणी लावला?"

"मेंढक्याची बिडी पडली आसंल. आन जुनं गवत जाळल्याबिगर नवं येतंय व्हय? बापजाद्यापास्नं टेकडी जाळत्यात. म्हातारी वर हाय ह्ये कुनाला म्हाईत होतं?"

मांडवात एक तरुण भाड्याची भांडी मोजून घेत होता. मधेच पांढरी पँट घातलेला एक इसम येऊन बसला. हा प्रभाकर, कंपन्यांसाठी जमिनी बघणारा दलाल. दौलतराव त्याला जमीन द्यायला तयार नव्हता, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

"माझ्याकडे नका बघू बाई," तो आपणहून म्हणाला. "पाऊस पडताना मी मांडवाचा खांब धरून उभा होतो. उघडल्यावर माझी फटफटी चिखलात रुतली. सहा माणसं लागली काढायला, तासभर शिव्या खाल्ल्या. विचारा कुणालाही. मालक तेवढे नव्हते, ते ताडपत्री आणायला गेले होते."

"पाऊस उघडल्यावर?" बाईंनी विचारलं.

"पुन्यांदा येईल आसं वाटलं," बबनराव म्हणाले. "साळंतली ताडपत्री आनाया गेलो. साळा त्या अंगाला, गावाच्या वरती. टेकडीकडं मी फिरकलो बी न्हाई. कुलूप व्हतं, तसाच माघारी आलो."

बाईंनी लाडू कागदात बांधून घेतला. उठताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हळदीत तुम्ही काय नेसला होता?"

"धोतर. आनि काय नेसनार?" बबनराव हसले. पण ते हसू ओठांवरच थांबलं.

५

चौकीत श्यामने दौलतरावाचे कपडे टेबलावर मांडले. सदऱ्याच्या पाठीवर हळदीचे पंजे, लख्ख पिवळे. पायजम्याच्या काठालाही पायांची हळद लागलेली. पण ती पिवळी नव्हती, विटकरी लाल होती.

"हे रक्त नाही का?" श्यामने विचारलं.

"फुटलं कपाळ आणि रक्त घोट्याला? चौकीमागे चूल आहे ना? चिमूटभर राख आण."

बाईंनी कागदातल्या लाडवाशेजारून हळदीची चिमूट घेतली. मांडवातल्या ताटातून त्यांनी ती येताना उचलली होती. ओल्या राखेचं बोट तिच्यावर फिरवलं. पिवळी हळद डोळ्यांदेखत लाल झाली.

"हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, हे बायकांना कळतं. फौजदारांना कधी धुवावं लागत नाही. राखेच्या पाण्यातही साबणासारखाच खार असतो. आता विचार कर. कोरड्या राखेने हे होत नाही. गुरुवारी पाचपर्यंत टेकडीवर ओली राख नव्हतीच. मग दौलतरावांचे पाय ओल्या राखेत कधी गेले?"

श्याम हळू आवाजात म्हणाला, "पावसानंतर. म्हणजे सहाला तो चालत होता."

"चालत होता. काळं पाणी विहिरीत शिरताना पाहून फावडं घेऊन धावला होता. पाऊस यायच्या आधी हळदीचे कपडे घालून फावडं घेऊन कोण हिंडतं? आणि पावसात तो उतारावर पडलेला असता, तर वरून आलेल्या राखेच्या पाण्याने त्याच्या पाठीवरची हळदही लाल झाली असती. ती पिवळी आहे."

सहा वाजता चिमाजी फाटकावर होता. दोनशे माणसांच्या देखत.

"पाऊस उघडल्यावर मांडवात एकटे बबनराव नव्हते. त्यांचं धोतर बघायला हवं," श्याम म्हणाला. "पण ते त्यांनी जाळलं असणार."

"जाळता येत नाही. हळदीचे कपडे कुणाचे असतात?"

श्याम वाडीचा नसला तरी त्या भागातला होता. त्याला आठवलं. हळदीत घरच्यांच्या अंगावर असलेले कपडे हा परटिणीचा मान. लग्नाच्या दिवशी उजाडताच ती दारात उभी राहते. तिला रिकाम्या हाताने पाठवलं तर अपशकुन, आणि गावभर बोभाटा होतो तो वेगळाच.

दोघं पुन्हा वाडीत गेले. जाईबाई परटिणीने ट्रंकेतून गाठोडं काढलं. "धुतलं न्हाई अजून. लेक परतून म्हायेरी येईस्तवर हळदीला पानी लावत न्हाईत. उद्या येनार हाय ती." तिने धोतर उलगडलं. "मी मालकिणीला म्हनलं बी, बया, हळदीत कुक्कू कवा सांडलं?"

धोतर कमरेपाशी पिवळं होतं. दोन्ही गुडघ्यांवर मात्र दोन लाल वर्तुळं, आणि त्यात वाळलेली काळी राख.

अरुंधतीबाई त्या वर्तुळांकडे बघत राहिल्या. त्यांना खुनी सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण गुडघे टेकलेला माणूस मारायला गेलेला नसतो, हे त्यांना त्या धोतरावर स्पष्ट दिसत होतं.

६

बबनरावांनी धोतर पाहिलं आणि ते ओट्यावर बसले. नाकारलं नाही. शाळा गावाच्या वरती, राखेचा चिखल फक्त दौलतरावाच्या विहिरीपाशी. नाकारायला जागाच नव्हती.

"वणवा म्या लावला," ते म्हणाले. "गुरांस्नी कवळं गवत यावं म्हून. दरसाल लावतो, पर औंदा घाणेरी माजली व्हती, जाळ लई येळ धुमसत ऱ्हायला. चतुरामावशी वर व्हती, आईशप्पत मला दिसली न्हाई. दौलतीनं मला काडी वढताना बघितलं व्हतं. त्यो म्हनला, पोरीची हळद निघू दे, लगीन लागू दे. सोमवारी तूच चौकीत जाऊन सांग. म्या व्हय म्हनलो."

"मग?"

"मग पाऊस आला. टेकडीवनं आसं पानी कवा बगितलं न्हाई. धा सालं तिथं पानी मुरतंय, झिरपून दौलतीच्या हिरीत येतंय. त्या दिशी सगळं वरल्या वर आलं, राख घिऊन. मांडवातनं मला दिसलं. म्या पळालो. दौलत हिरीच्या काठावर हुबा. मला म्हनला, बबन्या, म्हातारी जाळलीस, आता माजं पानी बी जाळलंस. सोमवार न्हाई. आत्ताच चल मांडवात, समद्यांम्होरं सांग."

त्यांनी धोतराच्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

"म्या पाय धरलं त्येचं. एक दीस दे म्हनलो. मांडवात वरमाय बसलीया, पोर हळदीच्या अंगानं बसलीया. त्यो आयकंना. पानी वळवाया फावडं घिऊन उतारावं चढला, म्या मागनं गेलो. त्येनं मांडवाकडं तोंड करून हाळी द्याया त्वांड उघडलं, आन म्या फावडं हिसकलं." त्यांनी धोतर बाजूला ठेवलं. "सकाळी अक्षता टाकताना माजं ध्यान टेकडीकडं हुतं."

"आणि चिमाजी?" बाईंनी विचारलं. "त्याला धरून नेलं तेव्हा?"

बबनराव म्हणाले, "त्यो परका मानूस, बाई. मला वाटलं, देवानंच धाडला."

श्यामने त्यांना उठवलं. सोमवारपर्यंत थांबा, लेक उद्या येतेय, असं त्यांनी म्हटलं नाही. तशी मुदत दौलतरावाकडे एकदा मागून झाली होती. दारात त्यांची बायको उभी होती, हातात लेकीसाठी भरून ठेवलेली ओटी.

७

चिमाजीला संध्याकाळच्या आत सोडलं. त्याच्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. काठी उजव्या हातात धरून पाहिली, धरवेना, म्हणून ती मंजुळाबाईने घेतली. राखणदाराची नोकरी काठीवर असते. ती आता राहणार नव्हती.

श्याम पुढे झाला. "चिमाजी, चूक झाली माझी."

चिमाजी त्याला घाबरून दोन पावलं मागे सरला. ते पाहून श्यामचा चेहरा असा झाला की बाईंना सातवीतला श्याम आठवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण रागवायचं कुणावर, हेच त्यांना कळत नव्हतं.

"मंजुळाबाई," त्या म्हणाल्या, "चूक त्याची एकट्याची नाही. तसं मीच शिकवलं होतं त्याला. बादलीखाली कोरडं म्हणजे बादली पावसाआधीची. मी त्यांना एकच अंगण दाखवलं. प्रत्येक माती सारखी नसते, हे सांगायचं राहून गेलं."

मंजुळाबाईने तान्ह्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"तुमच्या हाताखालून लई पोरं गेली असतील ना, बाई? त्यातली आनिक किती पोलिसात हायेत?"

अरुंधतीबाईंनी तेवीस वर्षांचे वर्ग आठवायचा प्रयत्न केला. बाकांवरचे चेहरे आठवले. ती पोरं पुढे कुठे गेली, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.